गुण आला, पण कशानं?

अगं, काल रात्री तुझा मेसेज पाहिला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. "ताई, आईसाठी हा डबा मागवलाय. चाळीस दिवसांत साखर मुळापासून जाते म्हणे. गोळ्या बंद करायच्या का?" सोबत डब्याचा फोटो. लगेच फोन करणार होते, पण तू बाळाला झोपवत असशील म्हणून थांबले. "गोळी बंद करू नकोस, सकाळी बोलू," एवढंच लिहिलं. आता चहा घेऊन बसलेय. तूही तुझा कप घे आणि निवांत ऐक.

आधी एक सांगते. मी तुझ्यावर रागावलेली नाही. आईच्या तळपायांची आग होते, रात्री ती उठून बसते, आणि ते तुला बघवत नाही. बारा वर्षं झाली तिच्या साखरेला. इतकी वर्षं गोळ्या घेऊनही दुखणं हटत नाही म्हटल्यावर कुणालाही वाटेल, हेही करून बघू. जिथं जिवाची तळमळ असते तिथंच असा डबा विकला जातो, आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. म्हणून तुला नावं ठेवायला मी बसलेली नाही. मला तुला एक प्रश्न द्यायचाय. गेली वीस वर्षं मी तो पदराला गाठ मारून ठेवलाय, आणि घरात कुणी "अमक्यानं गुण येतो" म्हटलं की तोच आधी काढते.

हा प्रश्न मला आत्याच्या काविळीनं दिला. तू तेव्हा दुसरीत होतीस, तुला फारसं आठवणार नाही. आत्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. पोटात अन्न ठरत नव्हतं. आजी तिला शेजारच्या गावात काविळीची माळ देणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे घेऊन गेली, आणि मी सोबत गेले. ओसरीवर रांग होती. आत्याची पाळी आली तेव्हा त्यांनी तिच्या हातांना कसला तरी रस चोळला आणि परातीत चुन्याच्या निवळीनं हात धुवायला लावले. पाणी पिवळं झालं! माझ्या डोळ्यांदेखत. आजीनं हात जोडले. "बघ, कावीळ उतरतेय." मग बारीक काड्यांचे तुकडे दोऱ्यात गुंफलेली एक इवलीशी माळ आत्याच्या डोक्यावर ठेवली. ती जेमतेम डोक्यावर मावत होती. "माळ जशी वाढेल तशी कावीळ उतरेल," ते म्हणाले. आणि खरंच गं, चार-पाच दिवसांत ती कानांवरून खाली आली, मग गळ्यात उतरली, मग छातीपर्यंत लोंबायला लागली. महिन्याभरात आत्या चुलीपुढं भाकऱ्या थापायला बसली. घरात कुणालाच शंका उरली नाही, मलाही नाही.

पुढं मी कॉलेजात गेले तेव्हा डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आमच्याकडे आले होते. त्यांनी विचारलं, "कुणाला कावीळ उतरवून घ्यायची आहे?" मी हात वर केला. मला कावीळ नव्हती. त्यांनी आंब्याच्या आतल्या सालीचा रस माझ्या हातांना चोळला, चुन्याच्या निवळीत हात धुवायला सांगितले, आणि परातीतलं पाणी तस्सं पिवळं झालं, आत्याच्या वेळी झालं होतं तसंच. सालीच्या रसाला चुना लागला की तो रंग येतो. हात रोग्याचे असोत की धडधाकट माणसाचे, पाण्याला फरक पडत नाही. मग माळ. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या फासात घट्ट बसवलेले असतात. काड्या सुकल्या की बारीक होतात, फास सैल पडतात, दोरा सरकतो आणि माळ लांब होते. ती खुंटीला अडकवून ठेवली तरी वाढते.

मग आत्या बरी कशी झाली? तिची कावीळ दूषित पाण्यातून येणाऱ्या विषाणूची असणार. पावसाळ्यात आपल्याकडं ती खूप दिसते, आणि बहुतेक धडधाकट माणसांत काही आठवड्यांत आपोआप उतरते. यकृत स्वतःला सावरतं. माळेनं काही केलं नाही, पण ते आठवडे माळेच्या नावावर जमा झाले.

तुला वाटेल, असेना का, नुकसान तर झालं नाही ना! नुकसान दोन वर्षांनी झालं. समोरच्या तात्यांचे डोळे पिवळे झाले आणि सगळ्या आळीनं आत्याचं उदाहरण दिलं. तात्या माळ घालून घरी बसले. माळ वाढत होती, म्हणून सगळे निर्धास्त होते. इकडे तात्यांना थंडी वाजून ताप येत होता आणि पोटात उजवीकडं कळ उठत होती. तीन आठवड्यांनी त्यांना शहरात नेलं तेव्हा कळलं की पित्ताचा खडा नळीत अडकलाय आणि आत पू झालाय. तात्या वाचले, पण दीड महिना दवाखान्यात राहून आणि विहिरीजवळचं रान विकून. कावीळ हे एकाच आजाराचं नाव नाही गं. ती खड्यानं होते, कॅन्सरनं होते, औषधांच्या दुष्परिणामानंही होते. गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत हिपॅटायटिस ई ची कावीळ झाली तर तिच्या जिवावर बेतू शकतं. माळ सगळ्यांच्याच डोक्यावर सारखी वाढते.

तर तो प्रश्न असा: हे केलं नसतं, तर काय झालं असतं?

आपल्या मराठीत "गुण आला" म्हणतात. शब्द फार गोड आहे, पण तो कारण सांगत नाही. औषध घेतलं आणि नंतर बरं वाटलं, एवढंच त्यातून कळतं. सर्दी आठवड्याभरात जाते, कमरेची उसण पुष्कळदा काही आठवड्यांत सुटते, बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की त्याचं पोट दुखणं बहुधा आपसूक कमी होतं. शिवाय माणूस उपाय शोधायला निघतो केव्हा? दुखणं अगदी टोकाला गेल्यावर. तिथून ते बहुतेक वेळा थोडं खाली येणारच असतं. नेमक्या त्या वेळी हातात जे असेल त्याला श्रेय मिळतं.

मग खरं-खोटं ठरवायचं कसं? तुलना करून. तुला आवडेल असं एक उदाहरण सांगते, आणि त्याचा तुझ्या बाळाशी संबंध आहे. बाळंतपणाला तू माहेरी होतीस तेव्हा आशाताई घरी यायच्या, आठवतं? तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, असं करत बाळ दीड महिन्याचं होईपर्यंत. झोळीत घालून वजन करायच्या, अंग गार तर नाही ना बघायच्या, श्वास मोजायच्या. ही पद्धत गडचिरोलीतून आलीय. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथं १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्या भागात जन्मलेल्या हजार बाळांपैकी साधारण साठ बाळं पहिला महिनाही बघत नव्हती. दवाखाना लांब होता आणि रस्ते नव्हते. त्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायलाही शिकवलं.

आता त्यांनी काय केलं ते नीट बघ. ३९ गावांत हे काम सुरू केलं, आणि तशाच ४७ गावांतले जन्म-मृत्यूही तितक्याच काळजीनं नोंदवले. त्या ४७ गावांत नेहमीच्या सरकारी सेवा होत्या, ही नवी पद्धत नव्हती. तिसऱ्या वर्षी ३९ गावांतला नवजात बाळांचा मृत्युदर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आला. ४७ गावांत तो साठच्या आसपासच राहिला. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि पुढं देशभरच्या आशाताईंच्या कामात ते गेलं.

ती ४७ गावं नसती तर? कुणीही म्हणालं असतं, त्या वर्षी पीक चांगलं आलं, रस्ता झाला, म्हणून बाळं वाचली. ४७ गावांनी त्या शंकेला उत्तर दिलं. काळ तोच, पाऊसपाणी तेच, फरक फक्त कामाचा. मोठमोठ्या वैद्यकीय संशोधनाच्या मुळाशी हीच साधी गोष्ट असते: एका गटाला उपाय, दुसऱ्या गटाला तो उपाय नाही, आणि दोन्हींकडं सारखं लक्ष. जमेल तिथं कुणाला कोणत्या गटात टाकायचं हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवतात, म्हणजे आपल्या आवडीनिवडीला वाव राहत नाही. हे समजायला डॉक्टरकी शिकावी लागत नाही. तांदूळ जुना की नवा हे बघायला आपणही दोन्ही शेजारीशेजारी शिजवून बघतोच की.

आता आईच्या डब्याकडं येऊ. तू पाठवलेला फोटो मी मोठा करून वाचला. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलंय, "पथ्य: साखर, गूळ, मैदा, बटाटा बंद. रात्री हलका आहार. रोज ४५ मिनिटे चालणे." अगं, हे पथ्य चाळीस दिवस पाळलं तर आईची साखर खाली येईलच! डब्यात नुसतं बेसन भरलेलं असलं तरी येईल. मग हे पथ्य केलं आणि पावडर घेतली नाही, तर काय झालं असतं? हे त्या डब्यावर कुठंच नाही. "लाखो लोकांना फायदा" असं आहे. त्यातल्या किती जणांना फायदा झाला नाही, किती जण मध्येच सोडून गेले, हेही नाही.

दुसरी गोष्ट. आपल्याकडं १९५४ सालापासून एक कायदा आहे, औषधे आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा. त्याच्या परिशिष्टात चोपन्न आजारांची यादी आहे. हे आजार बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात करणं हाच गुन्हा आहे. त्या यादीत मधुमेह आहे, कॅन्सर आहे, रक्तदाब आहे, मोतीबिंदू आहे, लठ्ठपणा आहे, उंची वाढवणंसुद्धा आहे. म्हणजे "साखर मुळापासून" हे शब्द छापले तिथंच त्या माणसानं कायदा मोडला. अशी जाहिरात दिसली की आपण अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार करू शकतो. हे किती जणींना ठाऊक असतं?

तिसरी गोष्ट सगळ्यात काळजीची. पावडर घेतल्यावर साखर फार भराभर उतरली, तर आनंदून जाऊ नकोस, आधी घाबर. 'वनस्पतींची' म्हणून विकल्या जाणाऱ्या साखरेच्या औषधांत नेहमीच्या ॲलोपॅथीच्या गोळ्या कुटून घातल्याचे प्रकार अनेक देशांत उघडकीला आलेत. आईची स्वतःची गोळी आणि त्यावर ही लपवलेली, म्हणजे साखर एकदम खाली. दरदरून घाम, हातपाय थरथरणं, बोलताना शब्द न सापडणं, असं काही दिसलं तर लगेच तोंडात साखर घालायची, आणि ती शुद्धीत नसेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठायचा. सांधेदुखीच्या पुड्यांचंही तसंच. दोन दिवसांत जादू झाली की त्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी.

तू म्हणशील, मग साखर मागं जातच नाही का? जाते, काहींची जाते. हे मी तुला लपवणार नाही, कारण पूर्ण खरं कळलं तरच अर्ध्या खऱ्याची ओळख पटते. ब्रिटनमधला एक अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. साखर लागून सहा वर्षांच्या आतले, इन्शुलिन न घेणारे, वजन जास्त असलेले लोक त्यात होते. दोन गट, प्रत्येकात १४९ माणसं. एका गटाला काही महिने अगदी मोजकं, दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरीचं खाणं दिलं आणि गोळ्या बंद केल्या, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. वर्षानंतर त्या गटात शंभरात ४६ जणांची साखर गोळ्यांशिवाय आटोक्यात होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात शंभरात फक्त चार जणांची. बघ, इथं दुसरा गट आहे म्हणून मी विश्वास ठेवते. आणि हेही बघ की आईला बारा वर्षं झालीत, वजनही फार नाही. ते आकडे तिला जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण चालणं आणि जेवण तिच्याही कामाचं आहे, आणि त्याला डबा लागत नाही.

"ताई, पण हे आयुर्वेदिक आहे, साईड इफेक्ट नसतात," असं तू खाली लिहिलंयस. यावर सावकाश बोलू, कारण आजीच्या बटव्यावर माझाही जीव आहे. घसा खवखवला की मी हळद-दूध घेते, खोकल्याला ज्येष्ठमध चघळते. पण जे शरीरावर काम करतं ते कधी ना कधी वाकडंही जाऊ शकतं, मग ते कारखान्यातून येवो की रानातून. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा घेतली. वैद्य ती पिढ्यान्‌पिढ्या वापरत होते. वकिलांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन, मोजमाप ठेवून बघितली आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निकाल छापले. जगभरच्या डॉक्टरांनी त्याची दखल घेतली. त्याच मुळीतून पुढं रेसरपीन हे औषध वेगळं काढलं गेलं, आणि १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. म्हणजे आपली वनस्पती परीक्षेला बसली आणि पास झाली. पण त्याच परीक्षेत हेही कळलं की काही माणसं त्या औषधानं उदास होतात, मनानं खचतात. तपासल्यामुळं गुणही कळला आणि दोषही कळला. तपासणं हा आयुर्वेदाचा अपमान नाही गं, तो त्याचा मान आहे.

आणि न तपासता घेतलं तर? कोविडच्या पहिल्या वर्षी घरोघर गुळवेलीचा काढा उकळत होता. २०२० च्या शेवटच्या चार महिन्यांत मुंबईच्या डॉक्टरांना गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला इजा झालेली दिसली. त्यांनी ते छापलं. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला. आता इथंही आपला प्रश्न विसरायचा नाही. सहा रुग्णांवरून गुळवेल दोषी ठरत नाही, जशी एकट्या आत्यावरून माळ गुणकारी ठरत नाही. पण सहा रुग्ण म्हणजे धोक्याची घंटा नक्की. ज्यांना यकृताचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढा घेऊ नये, आणि घेत असतील तर तसं सांगावं. आपल्या बायका काय करतात, डॉक्टर रागावतील म्हणून काढा लपवतात. मग कावीळ कशानं झाली हे शोधताना डॉक्टर अंधारात चाचपडत बसतात.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुला वाटेल ताईचे प्रश्न फक्त वैदूंना आणि डबेवाल्यांना. पांढऱ्या कोटालाही हाच प्रश्न विचारायचा, आदरानं पण न घाबरता.

गेल्या वर्षी मला विषाणूचा ताप आला होता. ताप उतरल्यावर अशक्तपणा होता, म्हणून एका दवाखान्यात मला "ताकदीचं सलाईन" लावलं. पडल्यापडल्या मी बाटलीवरचं लेबल वाचलं. ५०० मिली, पाच टक्के ग्लुकोज. हिशेब केला, पंचवीस ग्रॅम साखर. पाच-सहा चहाचे चमचे. वाटीभर गोड पेज घरी बसून प्यायले असते तर यापेक्षा जास्त पोटात गेलं असतं. उलट्या थांबत नसतील, पाणी ठरत नसेल, गंभीर डेंगी असेल, अपघात असेल, तर सलाईन जीव वाचवतं, तिथं एक मिनिट घालवू नये. पण तोंडानं खाता-पिता येत असेल तर त्या बाटलीत वेगळी ताकद नसते. आणि जुलाबातसुद्धा तोंडानं दिलेल्या पाण्याला कमी लेखू नकोस. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा घातलेलं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि नातेवाइकांना पाजायला सांगितलं. तिथं शंभरात तीसच्या आसपास माणसं दगावत होती, ती संख्या तीन-चारवर आली. बाळाला जुलाब झाले तर ओआरएसचं पाकीट. ते नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. फ्रिजवर लिहून ठेव.

आणखी एक गोष्ट, ती लिहिताना माझा हात जड होतो. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीसाठी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. शंभरात जवळजवळ सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत साधारण त्याच सुमाराला १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण देशभर शंभरात तीनच्या आसपास होतं. पांढरं जातं, अंगावरून जास्त जातं, पोटात दुखतं म्हणून गेलेल्या कितीतरी जणींनी सांगितलं, "डॉक्टर म्हणाले पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल." खाडा झाला तर मजुरी कापली जायची, त्या भीतीनंही कितीजणी तयार झाल्या. त्यांच्यापैकी कुणाजवळ एक मोठी बहीण असती, जी म्हणाली असती, "थांब, विचार त्यांना, काढलं नाही तर काय होईल? आधी दुसरं काही करता येईल का?", तर किती पिशव्या वाचल्या असत्या?

म्हणून हे तीन प्रश्न कागदावर लिहून पर्समध्ये ठेव. मला नेमकं काय झालंय? हे केलं नाही किंवा थोडं थांबलं, तर काय होईल? दुसरा मार्ग कोणता, आणि त्याचे फायदे-तोटे काय? छातीत कळ, अर्धांग, रक्तस्राव अशा वेळी प्रश्न नंतर, दवाखाना आधी. पण ठरवून करायच्या ऑपरेशनला दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला दोन दिवस मिळतातच. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. समोर चित्र काढून सांगतो.

आकड्यांचीही एक खूण सांगून ठेवते. "या गोळीनं धोका निम्म्यावर येतो" असं वाचलंस की विचार, कितीचा निम्मा? समज, हजारात दोघांना होणारा आजार हजारात एकावर आला. तो निम्माच झाला. पण त्यासाठी हजारजणींनी गोळी घेतली आणि वाचली एक. आणि हजारात दोनशेचे शंभर झाले तर तोही निम्माच, पण शंभरजणी वाचल्या. बातमीत दोन्हींना एकच शब्द. म्हणून टक्के ऐकले की लगेच माणसं मोजायची.

आता घरातलं. सासूबाईंनी ग्रुपवर टाकलेला मेसेज खोटा असला तर सगळ्यांदेखत "हे चूक आहे" असं लिहू नकोस. मी एकदा लिहिलं होतं. तो मेसेज पुढं गेलाच, वर सासूबाईंनी महिनाभर मला औषधपाण्याचं काही सांगितलंच नाही. मोठ्यांना मानापेक्षा दुसरं काही प्यारं नसतं, आणि त्यांच्या मेसेजमागं काळजीच असते. त्यांच्याजवळ जाऊन बस, भाजी निवडता निवडता विचार, "आई, हे कुणी तपासलंय का हो? कोणाशी तुलना करून?" प्रश्न विचारला की त्याही विचार करतात. गेल्या महिन्यात माझ्या सासूबाईंनीच एका बाईंना विचारलं, "तुमच्या भाच्याला गुण आला हे बरं झालं, पण पथ्य काय होतं त्याचं?" मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

आईशीही तसंच बोल. डबा तिच्या हातातून हिसकावू नकोस. तिला आशा वाटतेय, ती मोडायची नाही. तिच्या पायांची आग ही साखरेनं नसांवर झालेल्या परिणामाची असू शकते, आणि त्यावर औषधं आहेत. पण ते तिनं डॉक्टरांना कधी सांगितलंच नाही, "वयच झालंय" म्हणून गप्प बसली. खरं राहून गेलंय ते हे.

तर उद्या असं कर. डब्याचं झाकण उघडू नकोस. आईची सकाळची आणि रात्रीची गोळी चालू राहू दे. संध्याकाळी बाळाला कडेवर घेऊन तिला चालायला ने, तेवढाच तुलाही मोकळा वारा. मंगळवारी तिची तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी आहे, मी सुट्टी टाकून येते. जाताना तो डबा पिशवीत घालू, डॉक्टरांच्या टेबलावर ठेवू, आणि आई स्वतः सांगेल, "डॉक्टर, माझ्या पायांची आग होते."